पहिलटकर बाप: बाळाचे पहिले सहा महिने

पहिल्यांदा बाळंत होणाऱ्या स्त्रीला मराठीत पहिलटकरीण म्हणतात. पहिल्यांदा बाप होणाऱ्या पुरुषासाठी मात्र असा शब्द रूढ नाही. त्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते, आई-बाळाभोवती आजी, मावशी आणि मालिशवाली बाई यांचे कडे असते, आणि बाप पेढे वाटून, रुग्णालयाचे बिल भरून सोमवारी कामावर रुजू होतो. त्याला कोणी मुद्दाम दूर ठेवत नाही, पण त्याच्यावाचून काही अडतही नाही. माझ्या अनुभवाप्रमाणे यावर उपाय एकच आहे: बाळाचे रोजचे एखादे काम असे अंगावर घ्यावे, की आपण नसलो तर ते खोळंबेल. बाळाशी गट्टी जमते ती अशा कामातूनच. नुसते कौतुकाने पाळण्यात डोकावून ती जमत नाही.

याची सुरुवात रजेच्या हिशेबापासून करावी. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला, हयात अपत्ये दोनपेक्षा कमी असतील तर, 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते आणि ती बाळंतपणाच्या आधी 15 दिवसांपासून बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंतच्या काळात घ्यावी लागते, नाहीतर बुडते. मातांसाठी 2017 च्या दुरुस्तीनंतर 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा कायद्याने ठरली. खासगी नोकरीतल्या बापाला मात्र असा कायदा नाही, तो कंपनीच्या धोरणावर अवलंबून असतो. त्यामुळे सातव्या महिन्यातच कार्यालयात विचारणा करावी, आणि परवानगी असेल तर रजेचे दोन भाग करावेत: थोडे दिवस जन्माच्या वेळी, आणि उरलेले बायको माहेरून परत येईल तेव्हा. सगळी रजा रुग्णालयाच्या बाकावर संपवून टाकण्याची चूक पुष्कळ जण करतात. माहेरी हाताखाली चार माणसे असतात. सव्वा महिन्याने किंवा तीन महिन्यांनी ती आपल्या घरी येते, तेव्हा दुपारभर ती आणि बाळ असे दोघेच उरतात आणि खरी गरज त्या आठवड्यात असते.

जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत घाबरून जाण्यासारख्या वाटणाऱ्या, पण बहुधा स्वाभाविक असलेल्या गोष्टी आधीच माहीत असाव्यात. पहिली शी काळपट हिरवी आणि डांबरासारखी चिकट असते. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकते आणि साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसणारी सौम्य कावीळ बऱ्याच बाळांना होते. परंतु ती पहिल्या 24 तासांतच दिसली, किंवा पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत पोहोचला, तर डॉक्टरांना लगेच दाखवावे. नाळ एक-दोन आठवड्यांत आपोआप गळते; तिच्यावर तेल, राख, हळद काहीही लावू नये, ती कोरडी ठेवावी. बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध पिते, त्यामुळे ‘आत्ताच तर प्यायले होते’ हे वाक्य बापाने तोंडातून काढूच नये. दूध पुरते की नाही, याचा घरगुती हिशेब लंगोटांवरून लावता येतो: पाचव्या दिवसापासून पुढे दिवसाला सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर चिंता नसावी.

आता अंगावर घेण्याच्या कामाकडे वळू. पहिल्या महिन्यात बापाला सर्वांत सोयीचे काम म्हणजे ढेकर काढणे. दूध पाजणे आपल्या हातात नाही, पण पाजून झाल्यावर बाळ उचलून घेणे हातात आहे, आणि रात्रीच्या वेळी ही वाटणी फार उपयोगी पडते, कारण आईला त्या क्षणी कुशीवर वळून झोपता येते. बाळ अजून मान धरत नसते, म्हणून एक पंजा मानेमागे आणि दुसरा ढुंगणाखाली घालून त्याला छातीशी उभे धरावे, हनुवटी खांद्यावर टेकू द्यावी, आणि पाठीवर खालून वर हलक्या हाताने थोपटत राहावे. खांद्यावर जुने मऊ सुती कापड टाकावे; ते न टाकल्यास आपल्या सदऱ्यावर दह्यासारखा आंबूस डाग उमटतो आणि तो आपल्याला दिसण्याआधी कार्यालयातल्या सहकाऱ्यांना दिसतो. ढेकर दहा-पंधरा मिनिटांत आला नाही तरी बिघडत नाही. त्या दहा-पंधरा मिनिटांत बाळाचा श्वास आपल्या मानेवर लागत असतो, पोटातला गुडगुड आवाज आपल्या छातीला कळतो, आणि मग तो ढेकर येतो, एवढ्याशा जिवाच्या मानाने अगदीच मोठा. रात्री दोन वाजता एकटे हसण्याचा प्रसंग माझ्यावर तोपर्यंत कधी आला नव्हता.

दुसरे काम आंघोळीचे. ते मला सांगलीला सासुरवाडीच्या न्हाणीघरात मालिश करणाऱ्या बाईंनी शिकवले. मी शनिवारी पुण्याहून एसटीने जात असे आणि रविवारी सकाळी त्यांच्या शेजारी पाटावर बसत असे. पहिल्या दिवशी त्यांनी मुलीला माझ्या पायांवर दिले आणि म्हणाल्या, “जावईबापू, पाय जुळवा, नाहीतर पोर मधून खाली जाईल.” पाय लांब करून जुळवायचे, बाळाचे डोके आपल्या पावलांकडे ठेवायचे म्हणजे त्याचा चेहरा आपल्यासमोर राहतो, आणि पाणी बोटांनी न पाहता कोपर बुडवून पाहायचे, कारण हाताचा पंजा निबर असतो. पंचा, झबले, लंगोट आणि दुपटे हाताशी मांडल्याशिवाय पहिला तांब्या ओतू नये. डोक्यावरचे पाणी सर्वांत शेवटी, कपाळावर आडवा हात धरून मागच्या बाजूला सोडावे. नाळ गळेपर्यंत मात्र ओल्या कापडाने अंग पुसणेच बरे. मालिश हलक्या हाताने करावी, परंतु नाक ओढणे, कानात-नाकात तेल सोडणे आणि बाळाची छाती पिळणे या प्रकारांना स्पष्ट नकार द्यावा. त्यांनी फायदा काही होत नाही, इजा मात्र होऊ शकते.

येथे ओघानेच घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा विषय येतो, आणि बापाच्या मुत्सद्देगिरीची खरी परीक्षा येथेच असते. सहाणेवर वेखंड, मुरडशेंग, हळकुंड उगाळून केलेली गुटी, डोळ्यांत काजळ, डोके गोल व्हावे म्हणून राईची उशी, आंघोळीनंतर धुरी आणि बाजेखाली शेगडी, ही सगळी प्रेमाने चाललेली व्यवस्था असते. बालरोगतज्ज्ञांचे म्हणणे वेगळे आहे: पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको, मध तर वर्षभर नको, काजळ नको, उशी नको, आणि बाळाला नेहमी पाठीवर, घट्ट गादीवर निजवावे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणे तर आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते, कारण कोळशापासून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. हे सर्व आपण सासूबाईंना किंवा आईला ऐकवू लागलो, तर ‘आम्ही काय मुले वाढवली नाहीत का’ हे उत्तर ठरलेले असते. त्याऐवजी पहिल्या तपासणीला त्यांना सोबत घेऊन जावे आणि गुटीचा प्रश्न डॉक्टरांना त्यांनाच विचारू द्यावा. माझ्या सासूबाईंनी परत येताना रिक्षातच वेखंडाचा विषय मिटवला. मी बोललो असतो तर तो बारशापर्यंत चालला असता. ज्या गोष्टींनी अपाय होत नाही, उदाहरणार्थ गालावरची तीट, पाचवीची पूजा, दृष्ट काढणे, तेथे तोंड बंद ठेवावे.

कागदपत्रे हे बापाकडे आपसूक येणारे काम आहे आणि त्यात एक गोम आहे. जन्माची नोंद 21 दिवसांत, जन्म जेथे झाला तेथे होते. म्हणजे बाळंतपण माहेरी झाले असेल तर नोंद त्या गावच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत, आपल्या राहत्या शहरात नव्हे. रुग्णालय माहिती पाठवते, परंतु अर्जावरची नावे आपण स्वतः आधार कार्डाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावीत. मी घाईत स्वतःच्याच नावाचे इंग्रजी स्पेलिंग वेगळे लिहून दिले आणि ते दुरुस्त करण्यासाठी मला पुढे दोन खेपा कराव्या लागल्या. बाळाचे नाव ठरले नसेल तर नोंद थांबवू नये. नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येते. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागणार असल्याने एवढी काळजी सार्थकी लागते.

लसीकरणही बापाच्या दैनंदिनीत असावे. जन्मतः बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बी. मग ज्यांना आपल्याकडे दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे डोस म्हणतात ते सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला. सुई टोचताना बाळाला आपण धरावे, कारण आईच्या डोळ्यांत आधीच पाणी असते. लस दिल्यावर अर्धा तास तेथेच थांबावे. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो आणि व्रण राहतो; त्याला हात लावू नये. लसीनंतर ताप येऊ शकतो. औषधाचे प्रमाण वजनावर ठरते, म्हणून ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. एरवी मात्र तीन महिन्यांखालच्या बाळाला 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट किंवा अधिक ताप असेल, ते दूध पिणे सोडून देत असेल, किंवा उठवूनही नीट जागे होत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये.

रडण्याविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. बाळाचे रडणे दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जाते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास सर्वांत जास्त होते आणि तीन-चार महिन्यांत कमी होते. त्यातही संध्याकाळची वेळ विशेष वाईट. दूध, लंगोट, उकाडा, कपड्याची टोचणारी शिवण, हे क्रमाने तपासावे. त्यानंतरही रडणे थांबले नाही तर छातीशी धरून फेऱ्या माराव्यात, एकाच सुरात काहीतरी गुणगुणावे. मला अंगाई येत नव्हती, म्हणून मी रामरक्षा म्हणत असे, आणि ती विसरलो की बे एके बे. मुलीला दोन्ही सारखेच चालले. आपलाच संयम सुटू लागला तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवून पाच मिनिटे खोलीबाहेर जावे. बाळाला रागाने गदगदा हलवणे मेंदूला कायमची इजा करू शकते; ते कदापि करू नये.

आईकडेही तितकेच लक्ष हवे. पहिल्या काही दिवसांत कारण नसताना रडू येणे सर्रास घडते आणि सहसा दोन आठवड्यांत ओसरते. त्यानंतरही उदासी राहिली, बाळ झोपलेले असतानाही तिला झोप लागत नसेल, किंवा बाळाविषयी काहीच वाटत नाही असे ती म्हणू लागली, तर ‘होईल ठीक’ म्हणून टाळू नये, डॉक्टरांना गाठावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येते.

आणि गंमत? ती दुसऱ्या महिन्यापासून दिसू लागते. नवजात बाळाला 20 ते 30 सेंटिमीटर अंतरावरचे सर्वांत बरे दिसते. बाळ आपल्या कोपरात असताना आपला चेहरा नेमका तेवढ्याच अंतरावर असतो. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान ते माणसाकडे पाहून हसते. मग हुंकार देऊ लागते: आपण एक वाक्य बोलायचे, थांबायचे, आणि ‘आऽगूऽ’ आले की त्याला गंभीरपणे उत्तर द्यायचे. मी रोज संध्याकाळी तिला दिवसभराच्या कामाचा वृत्तान्त देत असे, आणि माझ्या साहेबांविषयीची माझी मते तिला बहुतांशी पटत असत. तिसऱ्या महिन्यात बाळाला स्वतःचा हात सापडतो आणि ते मूठ डोळ्यांसमोर धरून तासन्‌तास पाहते. जागे असताना त्याला थोडा वेळ पोटावर ठेवावे आणि आपणही समोर जमिनीवर पालथे पडावे. चौथ्या ते सहाव्या महिन्यात ते स्वतः पालथे पडते. त्या दिवसापासून पलंगावर बाळ एकटे ठेवू नये, अगदी टॉवेल आणण्यापुरतेसुद्धा.

सहा महिने पूर्ण झाले की उष्टावण येते. तेथे रीतीप्रमाणे पहिला घास मामाच्या हातचा असतो, आणि बापाने त्यावर हक्क सांगू नये. दुसऱ्या दिवसापासूनची वाटी-चमचा मात्र आपल्याकडे घ्यावी: मऊ शिजवलेला वरणभात मिठाशिवाय बोटांनी अगदी मऊ कुस्करायचा, अर्धा चमचा ओठांशी न्यायचा, आणि अंगावर तेच जुने ढेकराचे कापड टाकून बसायचे.