वर्गाचा वाचन-ग्रुप बंद पडतोय? या चुका टाळा

जूनमध्ये मोठ्या हौसेने सुरू झालेले वर्गांचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे वाचन-ग्रुप दिवाळीपर्यंत गार पडतात. मुलांना वाचायला नको असतं, असं म्हणून हात झटकू नका. चुका मोठ्यांच्याच असतात आणि दरवर्षी त्याच.

सगळ्यात घातक चूक म्हणजे पीडीएफचा मारा. सातवीच्या एका वर्गात ग्रुप निघाला त्याच संध्याकाळी चाळीस पुस्तकांच्या फाइली येऊन पडल्या, सगळी स्कॅन केलेली पानं. पालकांचे फोन भरले, त्यांनी ग्रुप म्यूट केला. महिन्याने विचारपूस केली तर एकाही मुलाने एकही पुस्तक संपवलेलं नव्हतं. संपणार कसं? फोन आईचा, तो हातात येतो रात्री जेवणं झाल्यावर अर्धा तास. त्यात स्कॅन केलेलं पान फोनवर मोठं केलं की ओळीचा शेवट स्क्रीनबाहेर जातो. प्रत्येक ओळ बोटाने सरकवत कोण वाचेल? शिवाय अशा बऱ्याच फाइली चोरीच्या असतात. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरही ६० वर्षं कॉपीराइट राहतो. मुलांना पुस्तकांचं प्रेम लावायचं आणि लेखकाचे कष्ट फुकटात लाटायचे, हे पटत नाही.

त्यापेक्षा आठवड्याला एकच गोष्ट द्या. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेचं 'स्टोरीवीव्हर' हे गोष्टींचं संकेतस्थळ २०१५ पासून सुरू आहे, तिथे मराठी गोष्टी भरपूर आहेत आणि लेखक-चित्रकारांची नावं ठेवून त्या वाटायला, छापायला परवानगी आहे. लिंक टाकण्याआधी गोष्ट स्वतः शेवटपर्यंत वाचा. एक प्रत छापून वर्गात दोरीला लावा. घरी फोन न मिळणारी मुलं मधल्या सुट्टीत तिथेच वाचतात.

दुसरी चूक इयत्ता बघून पुस्तक देण्याची. स्टोरीवीव्हरच्या चार पातळ्या इयत्तांच्या नाहीत. पहिल्या पातळीत साधारण २५० शब्दांपर्यंतच्या गोष्टी, दुसरीत ६०० पर्यंत, तिसरीत १५०० पर्यंत, चौथीत त्याहून मोठ्या. सहावीतलं मूल 'समुद्रकिनाऱ्यावर' हा शब्द 'स-मु-द्र… कि-ना…' असा फोडून वाचत असेल, तर 'वर'पाशी पोचेपर्यंत वाक्याची सुरुवात त्याच्या डोक्यातून गेलेली असते. त्याला चौथी पातळी दिली की ते पुस्तक मिटतं आणि पुन्हा उघडत नाही. एक पान मोठ्याने वाचून घ्या, पाच शब्दांना अडखळलं तर एक पातळी खाली या. पातळी चारचौघांत बोलू नका, ग्रुपवर तर मुळीच नको.

सारांश मागू नका. एक हुशार मुलगी लिहिते आणि बाकीचे उतरवतात. 'कुठल्या पानावर थांबावंसं वाटलं?' एवढंच विचारा, उत्तर अर्ध्या मिनिटाच्या व्हॉइस नोटमध्ये.

जास्तीत जास्त पुस्तकं वाचणाऱ्याला बक्षीस? नको. मुलं पानं मोजू लागतात. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला फोटो काढून झाला की काम झालं, असंही समजू नका.

मुलांच्या नावाने खाती उघडू नका. व्हॉट्सअ‍ॅपलाच १३ वर्षांची अट आहे. ग्रुप पालकांच्या नंबरवरच ठेवा.

घरची पुस्तकं ग्रुपवरून फिरवत असाल तर नोंदीशिवाय एकही हलवू नका. 'कुणाकडे आहे?' या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, की पुस्तक देणारं घर पुढच्या वेळी देत नाही. २००१ साली सुरू झालेल्या बुकक्रॉसिंग या पुस्तकं एकमेकांत फिरवण्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक पुस्तकाला स्वतंत्र क्रमांक मिळतो, तो पुस्तकात लिहायचा आणि मिळेल त्याने नोंद करायची. वर्गासाठी हीच पद्धत वहीत करा. मुखपृष्ठाच्या आत क्रमांक आणि मूळ घराचं नाव, वहीत घेणाऱ्याचं नाव आणि तारीख, मुदत दहा दिवस. वही शिक्षकाच्या कपाटात ठेवू नका, दोन मुलांकडे सोपवा. ती शनिवारी पुस्तकं गोळा करतात आणि ग्रुपवर मुखपृष्ठांचे फोटो टाकतात, म्हणजे सोमवारी कोणतं पुस्तक मोकळं आहे ते सगळ्यांना कळतं.