गाडीच्या एसीचा गॅस: आधी काढून मोजा, मग भरा

व्हॉल्वची पिन दाबून गॅस हवेत सोडला की मिनिटभरात काम उरकतं. पण छोट्या गाडीतल्या ४५० ग्रॅम आर-१३४ए या एसी गॅसची तापमानवाढ सुमारे ६४० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी असते, कारण हा गॅस त्याच्या १४३० पट तापदायक धरला जातो. ‘ओझोनला धक्का नाही, मग सोडला तर काय’ हा समज म्हणूनच चुकीचा. मॉन्ट्रियल या आंतरराष्ट्रीय करारातल्या ‘किगाली दुरुस्ती’नुसार भारताने २०२८ पासून आर-१३४एच्या कुळातल्या (एचएफसी) गॅसांचा वापर गोठवायचा आहे आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवायचा आहे.

बॉनेटखालचा स्टिकर आधी वाचा. त्यावर गॅसचं नाव आणि ग्रॅम दिलेले असतात. आर-१२३४वायएफ या नव्या गॅसच्या गाडीचे सर्व्हिस पोर्ट मुद्दाम वेगळे केलेले असतात. अ‍ॅडाप्टर लावून त्यात आर-१३४ए घालू नका. मग आयडेंटिफायरने, म्हणजे गॅस ओळखणाऱ्या यंत्राने, गॅस तपासा. आधी कुणी एलपीजीसारखा गॅस भरला असेल, तर तो तुमच्या रिकव्हरी मशीनमधला (गॅस काढून साठवणारं यंत्र) सगळा साठा नासवतो, शिवाय पेट घेतो. भेसळ निघाली तर गॅस वेगळ्या, खूण केलेल्या सिलिंडरमध्ये काढा.

गॅस काढण्याआधी एसी पाच-दहा मिनिटं चालवा, म्हणजे तेलात मुरलेला गॅस सुटायला मदत होते. इंजिन बंद करून एसीच्या दोन्ही बाजू (जास्त दाबाची हाय साइड, कमी दाबाची लो साइड) रिकव्हरी मशीनला जोडा. गेज शून्याखाली गेला की लगेच होज काढू नका, पाच मिनिटं थांबा. काटा हळूहळू वर चढताना दिसला, तर तेलातून अजून गॅस सुटतोय, पुन्हा ओढा. घाईत नेमका हाच भाग वाया जातो. रिकव्हरी सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नका, उन्हात द्रव फुगतो. मशीनने काढलेलं तेल मापात धरून ठेवा, तेवढंच नवं तेल परत घालायचं आहे.

निघालेल्या गॅसचं वजन लिहा. स्टिकरवर ४५० आणि हाती २८० आले, तर बाकीचा कुठेतरी गळाला आहे. ‘जरा गॅस मारून द्या’ असं गिऱ्हाईक म्हणेल, पण नुसता टॉप-अप म्हणजे गळतीलाच खुराक. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमात असामान्य गळती असलेल्या गाडीत दुरुस्तीआधी असा गॅस भरायला बंदी आहे. हीच शिस्त आपल्याकडे पाळायला हवी. कोरड्या नायट्रोजनचा दाब द्या, साबणाचं पाणी लावा. ओ-रिंग, पिन, कंडेन्सरचे जोड आणि खालचे कोपरे पाहा. एअर कॉम्प्रेसरची हवा वापरू नका: ती ओल आणते, आणि दाबाखाली हवेत मिसळलेला आर-१३४ए पेटू शकतो.

गळती बुजवली की किमान अर्धा तास व्हॅक्यूम करा, मग पंप बंद करून दहा मिनिटं काटा बघा. तो चढला तर गळती किंवा ओल राहिली आहे. गॅस वजनकाट्यावर तोलून, स्टिकरइतकाच भरा. जादा गॅसने हाय साइडचा दाब वाढतो, कूलिंग उलट घटतं.

१३.६ किलोचा वापरून फेकायचा सिलिंडर ‘रिकामा’ झाला तरी आत थोडी वाफ उरतेच. ती मशीनने ओढून घ्या, मगच तो भंगारात द्या. त्यात पुन्हा गॅस भरू नका.