आगोटीच्या यादीत शेवग्याच्या बिया

मिरगाआधी आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरताना मीठ, मिरच्या, सुकी मासळी, लाकूडफाटा यांची आठवण कुणाला करून द्यावी लागत नाही. पाण्याची आगोट मात्र कुणी भरत नाही, कारण पावसाळ्यात पाण्याला काय तोटा! मग पहिले दोन-तीन जोरदार पाऊस पडतात, जांभ्यातल्या विहिरीत लाल चहा भरतो आणि तुरटीच्या खड्यासाठी घर पालथं घातलं जातं. आमच्याकडे ही शोधाशोध बरीच वर्षं चालली. आता यादी शिमग्यापासूनच सुरू होते आणि तिची पहिली ओळ अशी: शेवग्याच्या तीसेक शेंगा झाडावरच राहू द्यायच्या, कारण त्यांच्या बियांनी गढूळ पाणी निवळतं.

आमटीची शेंग इथे चालत नाही. शेंग झाडावर पिकून, तपकिरी होऊन, खुळखुळ्यासारखी वाजायला लागली पाहिजे. कोवळी शेंग तोडून उन्हात वाळवली तर बी चिमते आणि कामातून जाते. वैशाखात शेंगा आकडीने काढा. हरभऱ्याच्या झाडावर कुणी चढवलं तर चढा, शेवग्याच्या चढू नका, त्याची फांदी बोलता बोलता मोडते. बिया काढून दोन दिवस सावलीत पसरा आणि वरच्या टरफलासकट कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. बुरशी धरलेली, आतून काळपट पडलेली बी टाकून द्या. दारात शेवगा नसेल तर शेजाऱ्याकडे मागा, पण पेरणीच्या बियाण्याचं पाकीट आणू नका. त्या बियांना बऱ्याचदा औषध चोळलेलं असतं.

किती लागतील याचा हिशेब आत्ताच करून ठेवा. थोड्या गढूळ पाण्याला चार लिटरमागे एक बी पुरते, मध्यम गढूळ असेल तर दोन लिटरमागे एक आणि चांगलं लाल असेल तर लिटरमागे एक. पाच माणसांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला वीसेक लिटर पाणी धरलं, तर दिवसाला दहा ते वीस बिया झाल्या. एका शेंगेत साधारण पंधरा-वीस बिया निघतात. म्हणजे गढूळ पाण्याच्या एका महिन्याला तीस शेंगा हा काही चैनीचा आकडा नाही.

यादीत पुढे खलबत्ता, बारीक चाळणी, झाकणाची एक लहान बाटली आणि दोन बादल्या. बी आदल्या दिवशी कुटून ठेवायची नाही. रोजची रोज सोला, आतला पांढरा गर कुटा, चाळा. वीस लिटरला दोन ग्रॅम पूड, म्हणजे मध्यम गढूळ पाण्यासाठी दहाएक बियांचा गर. ती बाटलीत कपभर स्वच्छ पाण्यात घालून पाच मिनिटं हलवा आणि फडक्यातून गाळून ते दुधासारखं पाणी बादलीत ओता. आधी दोन मिनिटं जोरात ढवळायचं, मग दहा-पंधरा मिनिटं अगदी सावकाश, खीर लागू नये म्हणून ढवळतो तसं. इथेच सगळ्यांची घाई होते. बियांतल्या प्रथिनांवर धन विद्युतभार असतो आणि मातीच्या कणांवर ऋण, त्यामुळे कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. हे पुंजके वाढायला वेळ लागतो आणि जोरात ढवळत राहिलं तर ते पुन्हा फुटतात. मग बादली झाकून एक-दोन तास तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. साका तळाला बसला की वरचं पाणी दुसऱ्या बादलीत अलगद काढायचं.

सुदानात नाईलकाठच्या बायका गढूळ पाण्यासाठी शेवग्याच्याच जातीतल्या झाडांच्या बिया वापरत आल्या आहेत. तिथे काम केलेल्या जर्मन संशोधक सामिया अल अझहारिया जाह्न यांनी १९७०-८०च्या दशकांत या घरगुती रीतीचा नीट शास्त्रीय अभ्यास केला. शेवगा मूळचा आपल्या उपखंडातला, पण आपण त्याची शेंग चोखून बी थुंकत राहिलो.

आता यादीतली सर्वांत महत्त्वाची ओळ, जी मी लाल पेनाने लिहिते: निवळलेलं पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. मातीबरोबर बरेचसे जंतूही खाली बसतात हे खरं, पण सगळे नाही. शिवाय बियांचा थोडा सेंद्रिय अंश पाण्यात उरतो, तोच मागे राहिलेल्या जंतूंना खाद्य होतो. म्हणून हे पाणी चोवीस तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही आणि प्यायच्या आधी उकळायचं किंवा त्यात क्लोरिन घालायचं. एके वर्षी पाणी काचेसारखं दिसलं म्हणून आम्ही उकळायचा कंटाळा केला आणि आषाढी एकादशीला सगळ्या घराला न ठरवता उपास घडला.

निवळी नावाच्या झाडाच्या बिया मिळाल्या तर त्याही डब्यात मूठभर असू द्या, त्यांनीही पाणी निवळतं. नावातच काम सांगणारं असं दुसरं झाड मला आठवत नाही. माझी आजी सहाणेवर निवळीची बी पाण्यात उगाळून ते गंध कळशीत सोडायची, कधी माठाच्या आतल्या अंगालाच बी घासायची आणि मग पाणी भरायची. संस्कृतात हिला कतक म्हणतात. वेदान्ती मंडळी दाखला देतात की कतकाची पूड गाळ खाली बसवते आणि स्वतःही त्याच्याबरोबर बसून जाते, तसं ज्ञान अज्ञानाला घालवून आपणही उरत नाही. व्यवहारात मात्र एक खबरदारी हवी. निवळी आणि काजरा (कुचला) एकाच कुळातले आणि काजऱ्याची बी जहाल विषारी. काजऱ्याची चपटी, बटणासारखी, लवदार. निवळीची लहान आणि गोलसर. ओळख पटत नसेल तर रानातून गोळा करायच्या भानगडीत न पडता ओळखीच्या काष्ठौषधीवाल्याकडून घ्या, नाहीतर शेवग्यावर भागवा.

गाळण्यासाठी जुनं सुती लुगडं फाडून चार फडकी करून ठेवा. जुनंच हवं, कारण धुऊन धुऊन सुताचे तंतू फुलतात आणि छिद्रं बारीक होतात. चार ते आठ पदरी घडी करून वापरायचं. बांगलादेशात मतलब भागातल्या गावांमध्ये बायकांना अशा घडी घातलेल्या साडीतून पाणी गाळायला शिकवलं, तेव्हा पटकीचे (कॉलऱ्याचे) रुग्ण ४८ टक्क्यांनी कमी झाले. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांना चिकटून असतात आणि ते जीव कापडात अडकतात. आपल्या जुन्या माणसांना हे नारूमुळे ठाऊक होतं. पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी न गाळता प्यायलं की वर्षभराने पायातून दोऱ्यासारखा जंत निघायचा, तोच नारू. २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला, त्यात पाणी गाळणाऱ्या फडक्याचाही वाटा होता. फडक्याची एक बाजू कायम वरची ठेवा, कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचा टाका घाला म्हणजे उलटसुलट होत नाही. वापरल्यावर धुऊन वाळवायचं. श्रावणापर्यंत उन्हाचा भरवसा नाही, म्हणून चार फडकी.

सरपण किंवा गॅसचा जादा सिलिंडर या यादीत धरा. पाणी खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं, अर्धा तास उकळून लाकडं जाळू नका. पारदर्शक प्लास्टिकच्या बाटलीत निवळ पाणी सहा तास कडक उन्हात ठेवण्याची युक्ती चांगली आहे, पण आषाढात कोकणात सहा तास ऊन मागणं म्हणजे विनोदच. क्लोरिनची बाटली आरोग्य उपकेंद्रातून आधीच आणा आणि तिच्यावरची तारीख बघा. क्रम चुकवू नका. आधी निवळायचं, मग क्लोरिन, मग अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यात घातलेलं क्लोरिन मातीवरच खर्च होतं. वनस्पतींची बाजू घेऊन लिहीत असले तरी इथे मी टीसीएलवाल्यांच्या, म्हणजे विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकणाऱ्यांच्या, बाजूची आहे. विहिरीत पावडर पडली की वास येतो म्हणून कुरकुर करू नका.

काही गोष्टी यादीतून खोडा. वाळ्याची जुडी माठात घाला, पाण्याला वास सुरेख येतो, पण जंतू मरतात म्हणून नव्हे. तुळशीची पानंही तशीच. तांब्याच्या हंड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जंतू कमी होतात हे खरं असलं तरी गढूळ पाणी त्यात ओतून चालणार नाही, आणि हंडा आतून घासलेला हवा. करवंटीच्या कोळशाने वास थोडा जाईल, एवढंच. तुमचं गाव विदर्भात पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागात, असेल किंवा यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या फ्लोराइडच्या बोअरवर अवलंबून असेल, तर शेवगा, निवळी, फडकं, उकळणं यांपैकी काहीच उपयोगाचं नाही. पाण्यात विरघळलेलं मीठ खाली बसत नाही, आणि उकळल्यावर पाणी आटून ते उलट वाढतं. तिथे पाण्याची तपासणी आणि दुसरा स्रोत, हीच तयारी.

झाकणाचं, तोटीचं पिंप नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं घ्या. एवढे कष्ट करून निवळलेल्या पाण्यात शेवटी कुणीतरी ग्लास धरलेला हात कोपरापर्यंत बुडवतो, तो नेहमी घाईत असलेला पाहुणाच असतो.

मे महिन्याच्या शेवटी एकदा रंगीत तालीम करा. बादलीभर पाण्यात अंगणातली मूठभर लाल माती कालवा, ते तीन बरण्यांत भरा, एकीत काही घालू नका, दुसरीत कमी पूड, तिसरीत जास्त. दोन तासांनी कोणती निवळली ते बघा आणि ते प्रमाण डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. जास्त पूड म्हणजे जास्त निवळ असं होत नाही, प्रमाण चुकलं तर पाणी पुन्हा दुधाळ राहतं. पोरांना हा खेळ फार आवडतो. तळाचा साका मोरीत ओतायचा नाही, मोरी तुंबते. आम्ही तो शेवग्याच्याच बुंध्याशी घालतो.