कॉर्निया प्रिंट करायला येताय? आधी सिरमचं बघा

बायोप्रिंटिंगमध्ये (जिवंत पेशी मिसळलेलं जेल छापून ऊती बनवण्यात) पीएचडी करायचीये, कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) घेऊ का, सोपा वाटतो, असं बरेच जण विचारतात. वाटतो खरा. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडी, रक्तवाहिन्या नाहीत, आकार साधा. लिव्हर-किडनीवाल्यांना रक्तपुरवठ्याची जी डोकेदुखी असते ती इथे नाही. त्यात २०१८ मध्ये न्यूकॅसल युनिव्हर्सिटीच्या टीमने अल्जिनेट (समुद्री शेवाळातला जेल बनवणारा पदार्थ) आणि कोलॅजनच्या बायोइंकमधून, म्हणजे पेशी मिसळलेल्या जेलमधून, दहा मिनिटांच्या आत कॉर्नियाचा आकार छापून दाखवला आणि ती बातमी वाचून कितीतरी जण इकडे वळले, मीही त्यातलीच. पण छापणं दहा मिनिटांचं असलं तरी पुढचे कित्येक आठवडे ते पेशींसकट स्वच्छ ठेवणं हे खरं काम आहे, आणि ते बातमीत येत नाही.

पाच थर, त्यात स्ट्रोमा हा मधला थर जाडीच्या साधारण ९० टक्के वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही. मला जिथे फटका बसला तेवढंच सांगते, आणि जरा पाल्हाळ लावूनच सांगणारे.

स्ट्रोमातले केरॅटोसाइट्स, म्हणजे तिथल्या नेहमीच्या पेशी, डोळ्यात अगदी शांत असतात. विभाजन जवळपास नाहीच, चहूबाजूंना फांद्या पसरून निवांत बसलेले. प्रिंटिंगला मात्र पेशी लाखांनी लागतात. मग आपण काय करतो, लॅबमध्ये बाकी सगळ्या पेशींना जे मिळतं तेच यांनाही, १० टक्के सिरम, म्हणजे रक्तातून पेशी काढल्यावर उरणारा, वाढीला चालना देणारा द्रव. पेशी धडाधड वाढतात, फ्लास्क भरतात, गाईड खूश. आणि तिथेच त्या केरॅटोसाइट राहत नाहीत! सिरम म्हणजे त्यांच्या लेखी जखम झाल्याचा निरोप. त्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे जखम भरणाऱ्या पेशी, होतात, फांद्या जाऊन लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या दिसायला लागतात. वर टीजीएफ-बीटा (पेशींना संदेश देणारं प्रथिन) मिळाला आणि जेल कडक असलं की पुढची पायरी मायोफायब्रोब्लास्ट, म्हणजे डोळ्यात व्रण तयार करणाऱ्याच पेशी. आपण व्रणावर इलाज म्हणून कॉर्निया बनवायला निघालोय आणि आत व्रणाचंच बी पेरतोय.

यात वाईट काय, तर काहीच बिघडलेलं दिसत नाही. लाइव्ह-डेड चाचणीत (जिवंत पेशी हिरव्या, मेलेल्या लाल) सगळं हिरवंगार. व्हायमेंटिन हे प्रथिन पॉझिटिव्ह, पण ते दोन्ही प्रकारच्या पेशींत येतं, त्यावरून काहीच ठरत नाही. अल्फा-एसएमए (मायोफायब्रोब्लास्टची खूण असलेलं प्रथिन) निगेटिव्ह आलं म्हणजे एवढंच की पेशी अजून मायोफायब्रोब्लास्ट झालेली नाही, ती केरॅटोसाइट आहे असं नाही. पहिल्या दिवशी जेल काचेसारखं, काही आठवड्यांनी धुरकट. मी इंक बदलली, नोझल बदललं, क्रॉसलिंकिंगची (जेल घट्ट करण्याची) वेळ बदलून पाहिली, पेशींवर संशयच आला नाही. पारदर्शकपणा म्हटलं की आपल्या डोक्यात फक्त कोलॅजनच्या तंतूंची शिस्त असते. पण केरॅटोसाइटच्या आत एएलडीएच३ए१ सारखी प्रथिनं ठासून भरलेली असतात, त्यामुळे पेशी स्वतः प्रकाश फारसा विखरत नाही. फायब्रोब्लास्ट झाली की ती प्रथिनं घटतात आणि तुमची प्रत्येक पेशी धुक्यात थोडी भर घालते.

तेव्हा हे कराच. वाढवायला सिरम लागलं तरी पॅसेज, म्हणजे पेशी एका फ्लास्कमधून दुसऱ्यात नेण्याच्या फेऱ्या, कमी ठेवा, मग सिरम काढून अस्कॉर्बिक ॲसिडचं टिकाऊ रूप आणि इन्सुलिन घातलेल्या मीडियावर (पेशींच्या पोषक द्रवावर) आणा. केरॅटोकॅन (केरॅटोसाइटची खूण असलेलं प्रथिन) आणि एएलडीएच३ए१ पेशींत आहेत का ते छापण्याआधीही बघा आणि नंतरही. सीनियरने फ्रीझरमधली व्हायल दिली आणि त्यावर पॅसेज नंबर नसेल तर सरळ परत करा, राग आला तर येऊ दे.

अजून एक, ते छापील अक्षरांवर जेल ठेवून काढलेले फोटो. कृपा करून त्याला पारदर्शकपणाचा पुरावा मानू नका. ट्रेसिंग पेपर पुस्तकाला चिकटवला तर अक्षरं वाचता येतातच, जरा वर उचला, लगेच पुसट. जेल एक-दोन सेंटिमीटर वर धरून फोटो काढा, निम्म्या प्रेझेंटेशनमधली हवा जाईल. नीट मोजायचं तर आरपार जाणारा प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटरमध्ये मोजा, फिनॉल रेड (मीडियातला लाल रंग) धुऊन काढा, आणि जेल अल्जिनेटचं असेल तर पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट द्रावणात) बुडवून ठेवू नका, फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं आणि जेल ढिलं पडतं.

प्रिंटरच्या प्रेमात पडू नका हे माझं पेटंट मत. आधी तेच जेल, त्याच पेशी, पिपेटने साच्यात ओता. साच्यात स्वच्छ राहत नसेल तर प्रिंटर काही चमत्कार करणार नाही. आणि एकाच पीएचडीत एपिथेलियम (सगळ्यात बाहेरचा थर), स्ट्रोमा, एंडोथेलियम (सगळ्यात आतला) तिन्ही छापू म्हणणारा गाईड भेटला तर पळा. एंडोथेलियमसाठी तर क्योटोच्या किनोशितांच्या टीमने वाढवलेल्या पेशी रॉक इनहिबिटरसोबत (पेशींना चिकटायला मदत करणाऱ्या औषधासोबत) थेट डोळ्यात इंजेक्ट केल्या, २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं, छापायची गरजच पडली नाही.

घाबरवायचा हेतू नाही हां. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत ७० गरजूंमागे एक कॉर्निया मिळतो असं निघालं, त्यामुळे काम वाया जाण्यातलं नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, आयआयटी आणि सीसीएमबी (पेशी आणि रेणू जीवशास्त्राचं केंद्र) इथल्या लोकांनी २०२२ मध्ये मानवी कॉर्नियाच्या पेशीविरहित ऊतीपासून इंक करून, छापलेला कॉर्निया सशात बसवून दाखवला. म्हणजे रस्ता आहे. पहिलं वर्ष धुरकटच जातं, बहुतेकांचं जातं, त्यावरून स्वतःला नालायक ठरवू नका.

लॅब निवडताना मी एकच विचारेन, इथे डोळ्यांचा सर्जन येतो का. कारण तुमचं जेल कितीही सुंदर असलं तरी १०-० नायलॉनचा (केसाहून बारीक दोऱ्याचा) टाका घातल्यावर फाटलं तर ते बसवणार कसं, आणि हे सर्जन दोन मिनिटांत सांगतो, आपल्याला कळायला थिसिस उजाडतो. जॉइन झालात की लगेच एथिक्सचा अर्ज टाका आणि आय बँकेशी बोला. प्रत्यारोपणाला न चालणारे कॉर्निया, शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या रिम्स (कॉर्नियाच्या कडा) संशोधनाला मिळू शकतात, पण कागदपत्रांना वेळ लागतो. तोवर डुकराच्या डोळ्यांवर हात बसवा.