एआयएसएचईत विद्यार्थीसंख्या भरताना या चुका टाळा

विद्यार्थीसंख्येचा फॉर्म बेरीज चुकल्यामुळे सहसा परत येत नाही, बेरीज पोर्टलच करतं. घोळ असतो तो कुणाला मोजायचं आणि कुणाला नाही, इथेच.

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण, म्हणजेच एआयएसएचई, २०१०-११ पासून सुरू आहे. माहिती भरायचे नमुने म्हणजे डीसीएफ. विद्यापीठ डीसीएफ-१ भरतं, कॉलेज डीसीएफ-२ आणि स्वतंत्र पॉलिटेक्निकसारख्या संस्था डीसीएफ-३. इथवर कुणाचं चुकत नाही.

पहिली चूक तारखेची. सर्वेक्षणाची संदर्भ तारीख पूर्वापार ३० सप्टेंबर. ती त्या वर्षीच्या सूचनांमध्ये एकदा पाहून घ्यावी, आणि त्या दिवशी पटावर असलेलेच विद्यार्थी मोजावेत. बरीच कॉलेजं प्रवेशाच्या वेळची यादी तशीच चढवतात. बी.एस्सी.च्या प्रथम वर्षाला हे हमखास अंगाशी येतं. सीईटीच्या कॅप (केंद्रीय प्रवेश) फेऱ्या संपेपर्यंत इंजिनिअरिंग, फार्मसीला नंबर लागलेली मुलं टीसी काढून गेलेली असतात. आमच्याकडे एका वर्षी असंच झालं. पुढे नॅकच्या (कॉलेजांच्या मूल्यांकनाच्या) वेळी डीव्हीव्हीची, म्हणजे आकड्यांच्या पडताळणीची, शंका आली, आणि गेलेल्या मुलांच्या टीसीच्या स्थळप्रती शोधत दोन दिवस रेकॉर्ड रूममध्ये काढावे लागले. उलट टोकाची चूक म्हणजे मंजूर प्रवेशक्षमताच विद्यार्थीसंख्या म्हणून लिहिणे. तुकडी १२० ची असली म्हणून वर्गात १२० मुलं असतात असं नाही, हे वर्गावर जाणाऱ्याला सांगायला नको.

दुसरी चूक खास आपल्याकडची. अकरावी-बारावी वरिष्ठ महाविद्यालयाच्याच इमारतीत भरते, प्राचार्य तेच, कधी फीचं काउंटरही तेच. सॉफ्टवेअरमधून ‘सर्व विद्यार्थी’ असा रिपोर्ट काढला की कनिष्ठ महाविद्यालयही त्यात येतं. ही मुलं यूडायस प्लस या शाळांच्या माहिती-नोंदणीत मोजली जातात, इथे नाहीत. तसंच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राचं. रविवारी वर्ग तुमच्याकडे भरतात, पण ते विद्यार्थी मुक्त विद्यापीठाच्या आकड्यात असतात. तुम्हीही दाखवलेत तर एकच माणूस दोनदा मोजला जातो.

सर्वांत जास्त गोंधळ प्रवर्गांचा. फॉर्ममध्ये सर्वसाधारण, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एससी, एसटी आणि ओबीसी एवढंच. आपल्या दाखल्यांवर मात्र व्हीजे (विमुक्त जाती), एनटीचे (भटक्या जमातींचे) ब-क-ड, एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग). ‘भटक्या जमाती’ या नावात ‘जमाती’ शब्द दिसला की घाईत तो विद्यार्थी एसटीत जातो आणि ‘विमुक्त जाती’वाला एससीत. हे सरळ चूक आहे. राज्याच्या प्रत्येक प्रवर्गाची नोंद कुठे करायची हे विद्यापीठाच्या नोडल अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या आणि दरवर्षी तसंच ठेवा. नाहीतर क्लार्क बदलला की ओबीसींचा आकडा वर-खाली होतो आणि कारण कुणालाच सांगता येत नाही. आणखी एक: गुणवत्तेवर खुल्या जागेत आलेली एससी मुलगी एससीतच मोजायची. प्रश्न तिच्या प्रवर्गाचा आहे, जागेचा नाही.

दिव्यांग आणि अल्पसंख्याक हे आकडे एकूण संख्येच्या आतले. ते एकूण संख्येत पुन्हा मिळवू नयेत. मुलींचंही तसंच. ‘एकूण’च्या रकान्यात फक्त मुलगे लिहिणारेही मी पाहिले आहेत.

एटीकेटीवाला विद्यार्थी सध्या ज्या वर्षात शिकतो तिथे एकदाच येतो. प्रथम वर्षाचे विषय राहिले म्हणून तो दोन्ही वर्षांत धरू नये. आणि द्वितीय वर्षाची संख्या मागच्या प्रथम वर्षापेक्षा जास्त दिसली तर लगेच खोडू नका. डिप्लोमानंतर थेट द्वितीय वर्षाला आलेली मुलं असतील. यादी जोडून ठेवा.

आता अहवाल वाचणाऱ्यांसाठी. २०२१-२२ मध्ये देशाची नोंदणी ४.३३ कोटी आणि जीईआर, म्हणजे सकल नोंदणी प्रमाण, २८.४. याचा अर्थ १८ ते २३ वयाचे २८.४ टक्के तरुण कॉलेजात आहेत असा काढू नये. भागाकारात खाली या वयाची लोकसंख्या असते, वर मात्र कुठल्याही वयाचे विद्यार्थी, तिशीतला पीएचडीवालाही. २०१९-२० चा जीईआर कुठे २७.१ तर कुठे २५.६ सापडतो. दोन्ही बरोबर आहेत. पहिला २००१ च्या जनगणनेवरून काढलेल्या लोकसंख्येच्या अंदाजावर, दुसरा २०११ च्या. २०२०-२१ च्या २७.३ शी तुलना करायची तर २५.६ च घ्यावा. २७.१ घेतला, तर वर्षभरात काही हललंच नाही असं वाटेल.