चांगले फोटो काढायचेत? आधी खिडकीशी बसा

कॅमेरा हातात आला की बहुतेक जण आधी मेनू उघडून बसतात. मीही तेच केलं होतं. पहिले काही महिने माझे फोटो फोकसमध्ये अगदी नीट, पण निर्जीव यायचे. कारण उशिरा कळलं. मी वस्तूकडे बघत होते, तिच्यावर पडलेल्या उजेडाकडे नाही. म्हणून नव्याने शिकणाऱ्याला माझं कळकळीचं सांगणं आहे, की आधी उजेड बघायला शिका, सेटिंग्ज मागाहून येतात. फोन असो की मोठा कॅमेरा, क्रम हाच ठेवा.

१. लेन्स पुसा

मऊ, स्वच्छ कापडाने. फोनच्या लेन्सवर बोटांचा तेलकटपणा बसतो, त्याने सगळा फोटो धुरकट होतो आणि दिव्यांचा उजेड फराटल्यासारखा दिसतो.

२. एक खिडकी, एक पांढरा कप

खोलीतले दिवे बंद करा. खिडकीतला निळसर उजेड आणि बल्बचा पिवळा उजेड एकत्र आले की रंग बिघडतात. कप खिडकीपासून दीड-दोन मीटरवर ठेवा आणि त्याच्याभोवती फिरत फोटो काढा. खिडकी तुमच्या पाठीशी असेल तेव्हा कप सपाट दिसेल, कागदातून कापून चिकटवल्यासारखा. ती बाजूला आली की कपाची एक कड उजळते, दुसरी सावलीत जाते आणि मधल्या उतरत्या छटांमुळे त्याला गोलाई येते. खिडकी कपाच्या मागे गेली की त्याचं पोट काळवंडतं आणि काठावर उजेडाची बारीक रेघ उमटते. कप तोच, खोली तीच, पण तीन वेगळे फोटो.

आता सावलीच्या कडेकडे नीट बघा. थेट ऊन येत असेल तर ती कड सुरीने कापल्यासारखी धारदार असते. खिडकीला पातळ पांढरा पडदा ओढा. कड लगेच विरघळते, कारण आता अख्खा पडदाच दिवा झालेला असतो, आणि उजेडाचा उगम जितका मोठा तितकी सावली मऊ. ढगाळ दिवशी चेहऱ्यांचे फोटो चांगले येतात ते याचमुळे. सावलीच्या बाजूला एक कोरा कागद उभा धरा, तो उजेड परतवतो आणि काळोखात गेलेला भाग थोडा उघडतो.

हाच प्रयोग सकाळी, दुपारी आणि दिवस मावळताना करा. मग कपाच्या जागी घरातल्या कुणाला तरी बसवा आणि त्यांच्या डोळ्यांत खिडकीचा पांढरा ठिपका दिसतोय का ते बघा. तो दिसला की चेहरा जिवंत वाटतो. या पायरीवर आठवडाभर थांबलात तरी हरकत नाही, मी तर थांबाच म्हणेन.

३. कॅमेऱ्याचा अंदाज दुरुस्त करा

पांढरा कप फोटोत मळकट आला असेल. कॅमेरा उजेड मोजताना समोरचं दृश्य सरासरी मध्यम करड्या छटेचं आहे असं धरून चालतो, त्यामुळे चौकट भरून पांढरं असलं की तो फोटो काळपट करतो आणि काळं असलं की फिकट. फोनवर कपावर बोट टेकवा आणि शेजारी येणारी पट्टी वर सरकवा. कॅमेऱ्यात एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करण्याची सोय) +१ करा, म्हणजे दुप्पट उजेड. काळ्या मांजरासाठी उलट, -१.

४. तिन्ही आकडे एकदम हातात घेऊ नका

फोनवर काम करत असाल तर ही पायरी सोडून पुढे जा. कॅमेरा असेल तर ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र), शटर स्पीड (उजेड किती वेळ आत येतो) आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) या तिन्हींपैकी आधी फक्त ॲपर्चर तुमच्याकडे घ्या, डायलवर ‘ए’ किंवा ‘एव्ही’ लिहिलेला मोड. इथे आकडा लहान तितकं छिद्र मोठं, आणि सगळे इथेच गोंधळतात. हिशेब सोपा आहे: लेन्सच्या फोकल लेंग्थला (लेन्सवर मिमीमध्ये लिहिलेली असते ती) ॲपर्चरच्या आकड्याने भागायचं. ५० मिमी लेन्सवर एफ/२ म्हणजे २५ मिमीचं छिद्र, एफ/८ म्हणजे जेमतेम ६ मिमीचं. मोठ्या छिद्राने मागचं सगळं धूसर होतं, लहान छिद्राने दूरपर्यंत स्पष्ट राहतं.

शटर स्पीडसाठी जुना ठोकताळा अजून कामाचा आहे: ५० मिमी लेन्स हातात धरली असेल तर वेग १/५० सेकंदापेक्षा मंद नको. पण तो फक्त तुमच्या हाताच्या कंपनापुरता. पळणाऱ्या मुलाला थोपवायला १/५०० च्या आसपास जावं लागतं. उजेड अपुरा पडला तर आयएसओ वाढवा. फोटोत दाणे येतील, येऊ द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेल्या चेहऱ्याचं काहीच करता येत नाही.

५. बटण दाबण्याआधी चारही कोपरे बघा

डोक्यातून उगवलेला खांब, कडेला अर्धवट कापलेला हात, कोपऱ्यातली झगझगीत पिशवी या गोष्टी फोटो काढताना डोळ्याला दिसत नाहीत, नंतर मात्र तेवढ्याच दिसतात. एक पाऊल बाजूला सरकलं की बहुतेक अडचणी जातात. फोनवर चिमटीने झूम करण्याऐवजी चालत जवळ जा, कारण फोनच्या लेन्सची मर्यादा संपल्यावर तो फक्त चित्र कापून मोठं करतो. लहान मुलांचा फोटो गुडघ्यावर बसून, त्यांच्या नजरेच्या उंचीवरून काढा. स्क्रीनवर ग्रिड लावून मुख्य गोष्ट रेघा छेदतात तिथे ठेवायचा सल्ला सुरुवातीला उपयोगी आहे. पण समोरच्या दृश्यात तोल मधोमध सापडत असेल तर मधोमधच ठेवा.

६. एकाच विषयावर टिकून राहा

फ्रेंच छायाचित्रकार ऑंरी कार्तिये-ब्रेसाँ यांनी आपलं बरंचसं काम एकाच ५० मिमी लेन्सवर केलं. तुम्हीही महिनाभर एकच लेन्स, एकच झूम ठेवा. एका विषयाचे वीस फोटो काढा, त्यातला एकच ठेवा आणि उरलेले का नाकारले ते वहीत एकेका ओळीत लिहा. ‘मागे उजेड जास्त’, ‘हलला’, ‘डावीकडे गर्दी’. आठ-दहा दिवसांत तीच तीच ओळ पुन्हा येऊ लागेल. पुढच्या आठवड्यात फक्त त्या एका चुकीवर काम करा.

पहिल्या दिवशीचा कपाचा फोटो मात्र पुसू नका. महिन्याने तोच कप त्याच खिडकीशी ठेवा, नवा फोटो काढा, दोन्ही शेजारी मांडा आणि सावलीची कड बघा.