हिरड्याचा काढा लावूनही लाकूड किडतंय? या चुका टाळा

हिरड्याचा काढा पाजला की लाकडाला काही होत नाही, असं छातीठोक सांगणारे खूप भेटतात. काढा लावला, पहिल्याच पावसात तो भिंतीवर तपकिरी ओघळ सोडून अंगणात उतरला आणि वर्षभरात चौकटीखाली भुसा पडू लागला, असं झालेलेही कमी नाहीत. यात दोष हिरड्याचा नसतो.

हिरडा, बाभळीची साल, ऐनाची साल यांत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं. प्रथिनांना घट्ट धरून ठेवायचा त्याचा गुण. त्यामुळेच कातडं कमावता येतं, आणि लाकूड कुजवणाऱ्या बुरशीचीही त्यामुळे पंचाईत होते. पण टॅनिन पाण्यात विरघळतं. साल उकळल्यावर ज्या गुणामुळे काढा उतरतो, त्याच गुणामुळे तो पावसात धुपून जातो. म्हणून कुंपणाच्या मेढीला किंवा जमिनीत पुरायच्या खांबाला नुसता काढा लावणं म्हणजे मेहनत मातीत घालणं. छपराखालचे वासे, आतली दारं, फळ्या इथेच तो लावावा. दोन-तीन हात द्यावेत, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा आणि शेवटी जवसाचं तेल. काही जण आधी तेल लावून मोकळे होतात. मग काढा आत शिरणार कुठून?

आता लोखंड. ही चूक मी स्वतः केली आहे. पहिला काढा घरातल्या लोखंडी कढईत उकळला आणि आंब्याची स्वच्छ फळी काळी-जांभळी करून बसलो. जुन्या काळी हिरडा आणि हिराकस घालून शाई करत; हिराकस म्हणजे लोहाचाच क्षार. मी कढईत नकळत शाईच केली होती. भांडं स्टीलचं किंवा तांब्याचं घ्या. बोअरच्या पाण्यात लोह असेल तरी रंग मळतो, तेव्हा साठवलेलं पावसाचं पाणी बरं. लोखंडी खिळ्यांभोवती काळी वर्तुळं उमटतात आणि ओल राहिली तर खिळेही गंजतात, म्हणून पितळी स्क्रू वापरा. डाग पडलेच असतील तर ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्याने निघतात. मात्र ते विषारी आहे. हातमोजे घाला, नंतर लाकूड साध्या पाण्याने धुऊन वाळवा आणि मगच पुन्हा काढा लावा.

ओल्या लाकडावर काढा लावणं ही कोकणात सर्रास दिसणारी घाई. आधीच पाण्याने भरलेलं लाकूड काढा पिणार कसा? हे काम फाल्गुन-चैत्रातलं, श्रावणातलं नव्हे.

भुसा पडत असेल तर आधी तो नीट बघा. पिठासारखी बारीक भुकटी आणि टाचणीएवढी भोकं दिसली तर घुणा. मातीच्या नळ्या चढलेल्या दिसल्या तर वाळवी. आंब्याच्या कच्च्या, फिकट भागात पिष्ट असतं आणि घुणा त्यावरच जगतो. त्याची अळी आत पोखरत असते, तिथवर वरचा काढा पोचत नाही. अशा लाकडाला बोरॅक्स-बोरिक आम्लाचं पाणी द्यावं लागतं. तेही पावसात धुपतं, पण मुरतं खोल. वाळवीचं म्हणाल तर जमिनीतून येणारी वाट तोडल्याशिवाय कोणताही काढा पुरा पडत नाही.

‘सागवान टॅनिनमुळे टिकतो’ हेही ऐकू येतं. सागाचा टिकाऊपणा मुख्यतः त्याच्या गाभ्यातल्या क्विनोन जातीच्या द्रव्यांचा आहे. काढा लावून आंब्याचा साग होत नाही.

उरलेला काढा बाटलीत भरून ठेवू नका. चार दिवसांत त्यावर बुरशी धरते, कारण टॅनिन पचवणारी बुरशीही असते. लागेल तेवढाच करा.

सगळ्या चौकटीला हात घालण्याआधी मागच्या बाजूला वीतभर जागेवर काढा लावा, दोन दिवस वाळू द्या आणि ओलं फडकं घासून पाहा. फडकं थोडं रंगणारच. गडद तपकिरी झालं, तर काढा नुसता वर बसलाय, आत गेलेला नाही.